लायसन काशीच्या नावाचं

नांदुऱ्याच्या स्टेशनावर आम्ही उतरलो तेव्हा आम्हाला न्यायला आलेल्या मोटारीचं बॉनेट उघडं होतं आणि त्यात कोणीतरी खांद्यापर्यंत शिरलेलं होतं. माझे वडील, म्हणजे नाना, बुलढाण्याचे वकील. थोरल्या मुलासाठी मुलगी पाहायला निघालेल्या बापाचा जो काही रुबाब असतो, तो सगळा अंगावर चढवून ते आले होते. त्यांनी हातातली काठी मोटारीच्या मडगार्डवर आपटली आणि म्हणाले, "ए ड्रायव्हर, सामान घे."

बॉनेटमधून एक मुलगी बाहेर आली. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत तेलानं काळे. "ड्रायव्हर गावाले गेला," ती म्हणाली. "सामान मागं ठेवा. इंजनातल्या पान्याचं झाकन गच्च बसलं होतं, म्हनून वेळ लागला."

"तू कोण?" नानांनी विचारलं.

"काशी. तुमी मलेच पाहाले आले."

आईनं तोंडाला पदर लावला. माझा भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, प्लॅटफॉर्मच्या कठड्याला धरून उभा राहिला. मी चौदा वर्षांची होते आणि मला तिथल्या तिथे वाटून गेलं की ही आमच्याकडे आली नाही तर मी जेवणार नाही. वडनेर भोलजीपर्यंत तिनंच मोटार नेली. नाना सारा रस्ता दाराची कडी धरून बसले होते. मुलीला चालता येतं का, दिसतं का, बोलता येतं का, हे पाहायचं असतं. ते सगळं वडनेर यायच्या आतच पाहून झालं होतं. पोहे खाताना नानांना विचारायला एकही प्रश्न उरला नाही.

तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. शेती मोठी, मुलगा नाही. त्यांनी हौसेनं मोटार घेतली, पण ड्रायव्हर टिकेना, म्हणून पंधराव्या वर्षी लेकीला चालवायला शिकवली. त्या भागात लायसन कोणी विचारत नव्हतं आणि विचारलं असतं तरी अठरा पुरे झाल्याशिवाय मिळत नव्हतं. आबा दादाला म्हणाले, "जावईबापू, मोटार तुमाले देऊन राह्यलो. चालोनारी तिच्यासंग येइलच." दादा लाजला. बोलताना अडखळणारा आमचा दादा त्या दिवशी न अडखळता "मला मुलगी पसंत आहे" म्हणाला.

अडचण एकच होती, आणि ती कोणालाही अडचण वाटली नाही. माझ्या आईचंही नाव काशी. सासूचं आणि सुनेचं नाव एक असून चालत नाही. सुनेला हाक मारावी तर सासूचं नाव तोंडात येतं, आणि सुनेवर रागवायचं म्हटलं तर आणखीच पंचाईत. तशी सगळ्याच सुनांची नावं बदलत, इथे तर कारणही आयतं होतं. नानांनी आठवडाभर विचार करून 'कुमुदिनी' हे नाव काढलं. त्यांना ते इतकं आवडलं होतं की त्यांनी ते दोन-तीनदा कागदावर लिहून पाहिलं.

लग्नात तांदळाचं ताट समोर आलं. दादानं अंगठीनं तांदळात नवं नाव लिहिलं. सगळ्या बायका वाकून वाचायला लागल्या. नवरीनं पण वाचलं आणि गुरुजींना विचारलं, "अन काशी कुठी गेली?"

गुरुजी हसले. मांडवातले सगळे हसले. नवरी हसत नव्हती, पण मुंडावळ्यांमागचं तोंड कोण नीट पाहतं. आबांनी मात्र मान खाली घातली, ते मला आठवतं.

आमच्या घरी आल्यावर तिनं पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तुह्यं नाव काय व?" मी म्हटलं, द्वारका. ती म्हणाली, "चांगलं हाय. सांभायजो." धाकट्या नणंदेलाही वन्सं म्हणायची रीत होती. तिनं मला कधी वन्सं म्हटलं नाही. द्वारके म्हणायची.

नाना कायद्याचे भोक्ते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं की या घरात लायसनशिवाय मोटारीला हात लावायचा नाही, वडनेरात काय चालत होतं ते वडनेरात. वहिनीला अठरा पुरी व्हायला चार महिने होते. तोवर गुलाब नावाचा ड्रायव्हर ठेवला. गुलाब गिअर असा टाकायचा की स्वयंपाकघरात वहिनी डोळे मिटून घ्यायची. "दात पाडते थो तिचे," ती म्हणायची. चार महिने तिनं बोटांवर मोजले. माझ्याजवळ रोज सांगायची, आता इतके दिवस राहिले, मग तुले लोनारले नेतो, मग मेहेकरले नेतो.

चार महिने सरले. नानांनी कचेरीतून फॉर्म आणला. नागपुराहून छापून आलेला इंग्रजी फॉर्म, नानांनी आपल्या वळणदार अक्षरात भरला आणि सहीपुरता तिच्यासमोर ठेवला. वहिनी चार बुकं शिकलेली होती, इंग्रजी अक्षरंही आबांनी ओळखीची करून दिली होती. तिनं बोट ठेवून पहिली ओळ वाचली. मग फॉर्म उचलून कोनाड्यात ठेवला.

"सही?" नाना म्हणाले.

"करतो नं. घाई काय हाय? रस्ता काही पयून नाही चालला."

रस्ता पळून चाललेला नाही, हे वाक्य मी पुढे दीड-पावणेदोन वर्षं ऐकलं. पहिल्या फॉर्मवर ताक सांडलं. दुसरा फॉर्म लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला सापडला. तिसरा आला तेव्हा तिचे डोळे आले होते, आणि डोळे बरे झाले तेव्हा फॉर्मवरची तारीख जुनी झाली होती. प्रत्येक वेळी नाना नवा फॉर्म आणायचे, प्रत्येक वेळी पहिल्या ओळीत कुमुदिनीबाई लिहायचे, आणि प्रत्येक वेळी ती बोट ठेवून पहिली ओळ वाचायची. तिनं एकदाही नाही म्हटलं नाही. घरात कुमुदिनी म्हणून हाक मारली की ती ओ द्यायची. सासूचे पाय चेपायची, नानांचा काळा कोट घासून टांगायची. तिचं म्हणणं, हाक हवेत जाते, हाकेचं काय घेऊन बसायचं. कागद राहते.

गावात मात्र बोभाटा झाला. नानांना बाररूममध्ये मित्र विचारू लागले, सूनबाई पोलीस साहेबाच्या लायसन-परीक्षेला घाबरल्या काय? हळदीकुंकवात बायका तर तिच्या तोंडावर म्हणत. एकीनं म्हटलं, "खेड्यात बैलांच्या मागं चालवणं वेगळं नि साहेबापुढं चालवणं वेगळं, नाही का गं?" वहिनी म्हणाली, "हाव, घाबरली मी."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. घरी येताना मी तिच्यापुढे चार पावलं चालत होते. मोटारखान्याशी आल्यावर मी म्हटलं, "तू का घाबरली म्हणालीस? तू घाबरत नाहीस."

"लोकायले काही तं सांगा लागते. खरं सांगतलं तं थे हासतीन. घाबरली म्हनलं का चूप बसतात."

"मग सही कर की. एक सही केलीस की उद्यापासून चालवशील. कागदावरचं नाव कोण वाचतं?"

"पोलीस वाचते," ती म्हणाली. "अन मी वाचतो. हे पाय द्वारके, मोटार शिकली थे काशी. आबाच्या शेतात तीन वेळा बांधावर चढोली, थे काशीनं. कुमुदिनीले क्लच कुठी असते थेही मालूम नाही. तिले कसं लायसन देते साहेब?"

मी हसले, पण ती गंमत करत नव्हती. तिनं मोटारखान्याचं दार लोटून घेतलं आणि आम्ही दोघी मोटारीत जाऊन बसलो. तिनं स्टिअरिंगवर हात ठेवले. इंजन बंद, चाकांखाली दगड लावलेले. "चाल, वडनेरले जाऊ," ती म्हणाली आणि पायानं क्लच दाबला. गुलाबच्या हाताखाली कधी नीट न बसलेला गिअर तिच्या हाताखाली आवाज न करता बसत होता. "हा राजूरचा घाट आला. उतारावर कान बंद होतीन, थुंकी गियजो. हे वयन लय वाईट हाय, इथी समोरच्याले आधी येऊ देवाचं." ती सगळी वळणं घेत होती. मोताळा गेलं, मलकापूर गेलं, वडनेरच्या वेशीशी तिनं हॉर्नवर हात नेला आणि न वाजवता मागे घेतला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हिला मोटार किती हवी होती आणि ती हवी असूनही ती काय करत होती. मला नानांचा राग आला. बापाचा राग येण्याची ती माझी पहिलीच वेळ.

दादानं एकदा धीर करून नानांकडे विषय काढला. नाना म्हणाले, "एका बाईची दोन नावं कागदावर असणं ही उद्याच्या कज्ज्याची तयारी आहे. आणि काशी या घरात आहे. आणखी एक नको." दादा परत आला आणि वहिनीला म्हणाला की मी काय करू. ती म्हणाली, "तुमी काही नका करू. तुमी फक्त मले सही करा म्हनू नका." दादानं तेवढं पाळलं. मला वाटतं, त्याला तेही जड गेलं असणार.

मग गुलाबच्या बहिणीचं लग्न निघालं आणि तो चार दिवस मलकापूरला गेला. नेमकी त्याच दिवसांत नानांची मेहेकरच्या कोर्टात तारीख होती. सकाळची सर्व्हिस मोटार, म्हणजे भाड्याची प्रवासी गाडी, गाठायचं ठरलं होतं, पण एक कागद सापडेना, तो शोधण्यात ती निघून गेली. दुसरी दुपारी होती. नाना काळा कोट घालून अंगणात उभे, पक्षकार मेहेकरला वाट पाहतोय, आणि मोटारखान्यात धुऊन पुसून ठेवलेली मोटार. नानांनी आजूबाजूला पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाले, "सूनबाई, मेहेकरपर्यंत सोडशील का?"

वहिनी तुळशीला पाणी घालत होती. तिनं तांब्या खाली ठेवला.

"लायसन नाही नं, नाना."

"आजच्या दिवस चालेल. कोण विचारतंय?"

"तुमीच तं म्हनता, कायद्याभायेर हात लावाचा नाही. म्या दोन वर्स नाही लावला. मोटारखान्यात बसून मेहेकरले जाऊन आली, पन चाक नाही हालवलं. आता तुमच्यासाठी काऊन हालवू?"

तिचा आवाज चढला नव्हता. तांब्या उचलून तिनं ओल्या तुळशीलाच पुन्हा पाणी घातलं. मी ते पाहिलं आणि आईनंही पाहिलं. नाना फाटकाबाहेर पडले आणि मोटार-स्टँडकडे चालत गेले. दुपारची मोटार मेहेकरला पोचली तेव्हा कोर्ट उठत आलं होतं. पुढची तारीख मिळाली, पण पक्षकारासमोर नानांना मान खाली घालावी लागली, आणि ते त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परतले ते हातात नवा फॉर्म घेऊनच. आम्ही सगळे ओसरीवर होतो. त्यांनी दौत-टाक मागवला, आमच्यासमोर फॉर्म भरला आणि वहिनीसमोर सरकवला. "आत्ता सही कर. माझ्यासमोर."

तिनं बोट ठेवून पहिली ओळ वाचली. "हे मी नोहो, नाना."

तेच पहिलं 'नाही'. इतक्या दिवसांच्या ताकाचं, लोणच्याचं आणि डोळ्यांचं सोंग तिनं एका वाक्यात टाकून दिलं.

"मग कोण आहेस तू?"

"काशी. काशीच्या नावानं भरा, आत्ता सही करतो. नाही तं नाही करत. म्हातारी झाली तरी नाही करत."

"या घरात दोन काश्या नांदणार नाहीत," नाना म्हणाले. "उद्या दारात कचेरीचा शिपाई येऊन काशीबाई म्हणून पुकारा करेल, तर कोणी उठायचं?"

"लायसन जिचं, तिनं उठाचं."

नाना उभे राहिले. मला वाटलं, आता हिला वडनेरला पाठवणार. तिलाही तसंच वाटलं असावं, कारण ती पण उठून उभी राहिली. आणि तेव्हा आई बोलली. माझी आई सुलतानपूरची, लोणार तालुक्यातली. अकराव्या वर्षी या घरात आलेली, नानांसमोर तिनं कधी पूर्ण वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ती सुपात तांदूळ निवडत होती, आणि निवडता निवडताच म्हणाली, "काशी मी नाहीच."

कोणाला काही कळलं नाही.

"माझं नाव बनू. सुलतानपूरला मला बनू म्हणत. काशी मला तुम्ही केलं, ताटातल्या तांदळात. मला तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि विचारावं असं मलाही सुचलं नाही." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "आणि मला काशी म्हणतं तरी कोण? तुम्ही अहो म्हणता. मुलं आई म्हणतात. तीस वर्षांत त्या नावानं मला एकदाही हाक आलेली नाही. नुसतं अडवून ठेवलंय ते माझ्या नावावर. तिच्या बापानं ठेवलेलं आहे, तिचं तिला देऊन टाका."

नाना बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कोर्टात इतकी वर्षं उलटतपासणी घेणाऱ्या माणसाला आपल्या बायकोचं नाव माहीत नव्हतं. म्हणजे कधीतरी माहीत असणार, लग्न ठरताना कानावर आलं असणार, आणि ते विसरून गेले. त्यांनी तो फॉर्म घडी करून खिशात घातला आणि दादाला म्हणाले, "कचेरीतून कोरा घेऊन ये."

पोलीस साहेबाची परीक्षा राजूरच्या घाटात झाली. अर्ध्या चढावर मोटार थांबवायची आणि मागे न सरकता पुन्हा उचलायची, ही त्यातली अवघड गोष्ट. साहेबांनी तिला ती तीनदा करायला लावली, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही आणि तिसऱ्यांदा, मला वाटतं, त्यांना मजा वाटली. आठ दिवसांनी लायसन घ्यायला कचेरीत गेलो. नाना काळा कोट घालून बाकावर बसले होते. शिपायानं दारातून पुकारा केला, "काशीबाई हाजिर हैं?"

वहिनी उठली. "हाव," म्हणाली. नाना समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले.

पहिली फेरी लोणारला न्यायचं तिनं मला कबूल केलं होतं. पण त्या दिवशी पुढच्या सीटवर तिनं आईला बसवलं आणि मला मागे टाकलं. चिखली, मेहेकर करत आम्ही सुलतानपूरला गेलो. आईची एक म्हातारी आत्या तिथे होती, दिसत नव्हतं तिला. वहिनीनं दारात मोटार उभी करून हॉर्न वाजवला. म्हातारी आतूनच ओरडली, "कोण आलं गं?" आई गाडीतून उतरली आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबली. वहिनीच म्हणाली, "बनू आली, आत्याबाई. तुमची बनू."

सासूचं नाव घेऊ नये म्हणतात. तिनं ते सबंध गल्लीला ऐकू जाईल असं घेतलं. म्हातारी चाचपडत बाहेर आली आणि आईच्या तोंडावरून हात फिरवत "बने, बने" म्हणत राहिली, आणि माझी आई तिथे उंबऱ्यावर बसून रडली. मीही रडले. वहिनी बॉनेट उघडून पाणी पाहत होती, पण पाण्याचं झाकण उघडून झाकायला इतका वेळ लागत नाही.

पुढे तिनं खूप वर्षं मोटार चालवली. बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या, वऱ्हाडं पोचवली, नानांना तर शेवटपर्यंत कोर्टात तीच सोडायची. नाना तिला कुमुदिनी म्हणत नव्हते आणि काशी म्हणणंही त्यांना जमलं नाही. ते "अगं ड्रायव्हर" म्हणायचे, आणि ती ओ द्यायची. ती गेली तेव्हा दादानं तिच्या उशाखालून लायसनचं पुस्तक काढून मला दिलं. कडा झिजल्या आहेत, शाई फिकी झाली आहे. नाव वाचता येतं.

पण मला ती आठवते ती माझ्या लग्नातली. मोटारीची किल्ली कमरेला खोचून, वऱ्हाडाच्या तीन फेऱ्या करून, मांडवाच्या दाराशी घाम पुसत उभी असलेली. तांदळाचं ताट माझ्यासमोर आलं. माझ्या सासूबाईंनी नाव ठरवून आणलं होतं, माधुरी. नाव वाईट नव्हतं. नवऱ्यानं अंगठी हातात घेतली, आणि मी तांदळावर पंजा ठेवला.

"द्वारका आहे," मी म्हटलं. "तेच लिहा."

गुरुजींनी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "माझ्याकडे काय पाहता? तिला विचारा." नवरा अंगठी धरून तसाच बसला होता, त्याचा हात खाली येईना. म्हणून ती अंगठी मी त्याच्या बोटांतून काढून घेतली आणि स्वतः लिहायला लागले. जोडाक्षर तांदळात नीट उमटेना. 'द्वा' मोडला, पुसला, पुन्हा काढला. सगळे खोळंबले होते, आणि तेवढ्यात दाराकडून आवाज आला:

"सावकाश लिही व द्वारके. रस्ता काही पयून नाही चालला."